मानेतली नस दबली म्हणजे ऑपरेशनच?

मुळशीत मानेचं दुखणं हिंजवडीच्या आयटी पार्कात लॅपटॉपपुढे बसणाऱ्यालाही गाठतं आणि पौड खोऱ्यात डोक्यावर भाताचा भारा वाहणाऱ्या बाईलाही. कळ मानेतून निघून दंडावरून बोटांपर्यंत उतरते. अंगठा आणि त्याशेजारचं बोट बधिर झालं तर बहुधा सहावी नस दबलेली असते, मधलं बोट असेल तर सातवी. हात डोक्यावर ठेवला की अनेकांना बरं वाटतं, कारण नसेवरचा ताण सैल होतो.

‘एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली, आता ऑपरेशन अटळ,’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज. जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. ही पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. उपचार माणसावर करायचे असतात, फिल्मवर नव्हे. बहुतेकांचा त्रास औषधं आणि व्यायामाने सहा ते बारा आठवड्यांत ओसरतो. गळ्याचा पट्टा मात्र महिनोन्महिने बांधू नका, मानेचे स्नायू दुबळे होतात. आणि सलूनमध्ये मान मोडून घेणं तर बंदच करा. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

इतकं करूनही कळ हटली नाही, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. ती लेझरची जादू नव्हे. मानेच्या मागे, मध्यरेषेच्या जरा बाजूला सुमारे दोन सेंटिमीटरचा छेद घेतात. एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवत स्नायू न कापता बाजूला सारतात. मग दुर्बिणीतून किंवा सूक्ष्मदर्शकातून पाहत, नस जिथून बाहेर पडते त्या छिद्राच्या कडेचं थोडं हाड बारीक ड्रिलने घासून वाट मोकळी करतात. स्क्रू नाही, धातूची पट्टी नाही. मणके जोडलेले नसल्यामुळे मान पूर्वीसारखी वळते.

पण छेद लहान म्हणून शस्त्रक्रिया किरकोळ ठरत नाही. बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. जंतुसंसर्ग आणि नसेला इजा हे धोके थोडे असले तरी असतातच. शिवाय ती सगळ्यांना लागू पडत नाही. गादी मधोमध सरकून मज्जारज्जूवर दाब येत असेल, तर बहुतेकदा गळ्याच्या पुढच्या बाजूनेच जावं लागतं.

‘मानेला हात लावला की माणूस लुळा पडतो’ या धास्तीने लोक थांबतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच गैरसमजाची वाटते. कारण मज्जारज्जू दबलेला असताना लुळेपणाचा धोका थांबण्यातच असतो, आणि गेलेली ताकद नंतर पूर्ण परत येईलच असं नाही. शर्टाचं बटण लावता येईना, चपला पायातून निसटू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, हातातली ताकद कमी होत गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर भात लावणी उरकायची वाट पाहू नका. त्याच दिवशी मणक्याच्या डॉक्टरांना गाठा.