कुसू कापण्याचे जिग : स्वस्त कोणते आणि परवडणारे कोणते?

स्वस्त आणि परवडणारे हे दोन वेगळे शब्द आहेत, हे कपड्याच्या पेढीवर बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मीटरमागे चार रुपये कमी म्हणून उचललेला ताका पहिल्या धुण्यात आटला की गिऱ्हाईक माल परत आणतो, आणि वाचलेल्या चार रुपयांच्या जागी आठ जातात. लाकडाच्या धंद्यातही हाच हिशेब चालतो. म्हणूनच आज कापड बाजूला ठेवून सुतारकामाच्या एका साध्या औजाराबद्दल लिहीत आहोत.

याला निमित्त असे घडले की आम्ही दुकानासाठी बारा लाकडी स्टुले एका तरुण कारागिराकडून करवून घेतली. लाकूड सागवानी, सरस चांगला, पॉलिश उत्तम. तरीही वर्षाच्या आत सात स्टुले डुलू लागली. मुलगा इमानदार, त्याने ती परत नेली आणि पदरमोड करून पुन्हा बांधून दिली. त्याच्या उस्तादांनी सांधे उघडून पाहिले तेव्हा दोष सापडला. कुसू कुठे जाड, कुठे बारीक, आणि भोकात सैल. लाकूड हाताने उभे धरून टेबल सॉवर कापल्याचा तो परिणाम होता. नंतर हा मुलगा महागडे परदेशी जिग हप्त्यावर घ्यायला निघाला. आम्ही त्याला थांबवले आणि उस्तादांसोबत दोन संध्याकाळी बसून हिशेब मांडला. त्यातून जे निघाले ते आमच्या इतर कारागीर बांधवांच्याही उपयोगाचे आहे.

कुसू म्हणजे काय?

एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ म्हणजे कुसू, आणि दुसऱ्या लाकडात कोरलेल्या भोकात ती बसते. उत्तरेकडून आलेले कारागीर याला चूल आणि साल म्हणतात. उर्दूत एखाद्या गोष्टीच्या ‘चुली हलल्या’ म्हणजे तिचा पायाच डळमळला. मराठीत चूल घरात पेटते. आम्ही त्या मुलाला म्हणालो, बाबा, तुझी उर्दू चूल ढिली राहिली तर घरची मराठी चूल थंड पडेल!

नियम जुना आहे. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी. 36 मि.मी. लाकडाला 12 मि.मी. कुसू. भोक आधी करावे, कारण त्याची रुंदी पटाशीच्या किंवा यंत्राच्या मापाने ठरलेली असते. कुसू मागाहून भोकाच्या मापाने काढावे. ते हाताच्या दाबाने आत जावे. हातोडीने ठोकावे लागले तर घट्ट, आपणहून पडले तर ढिले.

कुसवाच्या दोन सपाट बाजूंना गाल म्हणू आणि जिथे ते लाकडाला भेटते त्या पायरीला खांदा म्हणू. गाल कापायचा तर लाकूड पात्यावर उभे धरावे लागते. उंच लाकूड, अरुंद टोक आणि खाली फिरणारे पाते! लाकूड जरा तिरके झाले की पाते त्याला झटका देते आणि हात पात्याकडे ओढला जातो. वरचे झाकणही या कामात लावता येत नाही. म्हणून पहिली गोष्ट पक्की समजावी, की उभे लाकूड नुसत्या हाताने कधीही कापू नये. जिग लाकडाला शिकंज्यात उभे पकडते आणि सरळ रेषेत पात्यावरून नेते. बोटे दूर राहतात, मापही एकसारखे येते.

पर्याय किती?

पहिला पर्याय बिनखर्चाचा. लाकूड आडवे ठेवून मायटर गेजच्या आधाराने पात्यावरून थोडे थोडे सरकवत गाल कोरून काढायचे. पाच-दहा कुसवांसाठी हे पुरते. पृष्ठभाग खरबरीत येतो, तो रंध्याने किंवा पटाशीने साफ करावा लागतो.

दुसरा पर्याय घरी केलेले प्लायवूडचे जिग. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसते तसे हे टेबल सॉच्या गाइडवर दोन्ही बाजूंनी बसते आणि तिच्यावरूनच पुढे-मागे सरकते. याला चांगले 18 मि.मी. प्लाय, मागे काटकोनात उभी पट्टी आणि एक-दोन शिकंजे लागतात. अट एकच : गाइड सरळ, सारख्या जाडीची आणि पात्याला समांतर हवी. मागची पट्टी पात्याने खाल्ली जाते, म्हणून ती बदलता येईल अशी बसवावी. तिचे स्क्रू पात्याच्या पल्ल्याच्या वर राहतील याची खात्री करावी.

तिसरा पर्याय ओतीव लोखंडाचे तयार जिग. अमेरिकेत डेल्टा कंपनीचे जिग नावाजलेले होते आणि त्याच धाटणीची तैवानी जिगे अनेक नावांनी विकली जातात. त्यांच्याखाली एक पट्टी असते, ती टेबलातील खाचेत सरकते. वजनामुळे ती थरथरत नाहीत आणि स्क्रू फिरवून माप बारीक बदलता येते.

विकत घेताना काय पाहावे?

एक, खाच. परदेशी जिगे बहुधा पाऊण इंच रुंद आणि तीन अष्टमांश इंच खोल खाचेसाठी केलेली असतात. पुष्कळ देशी टेबल सॉमध्ये खाच वेगळ्या मापाची असते, काहींत ती नसतेच. दुकानात जाताना आपल्या खाचेची रुंदी आणि खोली मोजून न्यावी. पट्टी मापाची नसेल तर महागडे जिग कोपऱ्यात धूळ खाईल.

दोन, डगमग. पट्टी खाचेत बसवून जिग डावी-उजवीकडे ढकलून पाहावे. हलत असेल तर पट्टीला कसण्याचे स्क्रू आहेत का ते बघावे. नसतील तर सोडून द्यावे. ही ढिलाई थेट कुसवात उतरते.

तीन, काटकोन. गुण्या सोबत न्यावा. उभा पृष्ठभाग तळाशी आणि मागचा टेकू तळाशी, दोन्ही तपासावे. थोडा फरक असला तरी चालेल, पण तो दुरुस्त करण्याची सोय हवी.

चार, शिकंजा. लाकूड कसताना ते पिळवटत किंवा वर उचलले जात असेल तर शिकंजा कामाचा नाही.

पाच, आपला सॉ. साइटवर नेण्याच्या हलक्या, लहान टेबलाच्या सॉवर जड लोखंडी जिग शोभत नाही. शिवाय 10 इंची पाते टेबलावर साधारण 3 इंचच निघते. त्याहून लांब कुसू हवे असेल तर कोणतेही जिग कामी येणार नाही.

एका सुताचा हिशेब

आमच्या धंद्यात सूत म्हणजे धागा. सुताराच्या धंद्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साध्या कार्बाइड पात्याची चीर जवळपास एक सूत, म्हणजे 3.2 मि.मी. असते. आपल्या पात्याची चीर मोजून घ्यावी.

बरेच जण एक गाल कापून लाकूड फिरवतात आणि दुसरा गाल कापतात. यात माप बांधताना झालेली चूक दुप्पट होते. लाकूड अर्धा मि.मी. जाड-बारीक असेल तर कुसूही तेवढेच बदलते. उस्तादांनी दाखवलेली रीत वेगळी आहे. लाकडाची एकच बाजू जिगकडे ठेवावी. पहिला गाल कापल्यावर जिग आणि लाकूड यांच्यामध्ये एक पट्टी घालावी आणि दुसरा गाल कापावा. पट्टीची जाडी कुसवाची जाडी अधिक पात्याची चीर इतकी असावी. 12 मि.मी. कुसवासाठी 12 अधिक 3.2, म्हणजे 15.2 मि.मी. पंधराच्या पट्टीवर वहीच्या कागदाचे दोन पदर चिकटवले की भागते! आधी टाकाऊ तुकड्यावर कापून भोकात बसवून पाहावे. त्यानंतर शंभर कुसवे काढली तरी जाडी तीच येते.

या रीतीत गाल आधी आणि खांदे नंतर कापावेत. खांदा कापताना लाकडाचे टोक थेट गाइडला टेकवू नये, कारण सुटलेला तुकडा गाइड आणि पाते यांच्यात अडकून गोळीसारखा उडतो. गाइडवर पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक जाड ठोकळा कसावा, त्याला टोक लावून माप घ्यावे आणि मग लाकूड पुढे न्यावे. पाते पूर्ण थांबल्याशिवाय तुकडे उचलू नयेत.

पैशांचा हिशेब

समजा, हाताने कापण्यापेक्षा जिगने प्रत्येक कुसवामागे 10 मिनिटे वाचतात. साध्या टेबलाला चार आडव्या पट्ट्या, म्हणजे आठ कुसवे. एका टेबलामागे 80 मिनिटे वाचली. आठ तासांची मजुरी 900 रुपये धरली तर ही बचत 150 रुपयांची झाली. 12,000 रुपयांचे जिग 80 टेबलांत फिटेल, 1,500 रुपयांत घरी केलेले 10 टेबलांत. महिन्याला वीस टेबले करणाऱ्याचे लोखंडी जिग चार महिन्यांत वसूल होते. चार टेबले करणाऱ्याला वीस महिने लागतील. त्याने प्लायवूडचेच करावे. आपल्या गावचे दर घालून प्रत्येकाने हे गणित स्वतः मांडावे.

जीएसटी नोंदणी असेल तर पक्के बिल घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे आणि औजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. कर्ज हा त्यातला वेगळा भाग असून त्यावर व्याज आहे. व्याज टाळणाऱ्यांनी औजारांच्या मदतीची तेवढी चौकशी करावी आणि त्यात नेमकी कोणती औजारे मिळतात ते आधी विचारावे.

आमच्या त्या मुलाने हप्त्याचा विचार सोडला. एका रविवारी उस्तादांच्या देखरेखीखाली प्लायवूडचे जिग तयार झाले. दुसऱ्या खेपेची स्टुले त्यावरच बांधली आणि आजही त्यांच्यावर बसून गिऱ्हाईक ताके उलगडून पाहतात. काम वाढले तर तो लोखंडी जिग जरूर घेईल, पण स्वतःच्या कमाईतून. धंद्यात बरकत अशीच येते : माल परत येऊ नये, कर्ज डोक्यावर चढू नये आणि कारागिराची दहाही बोटे शाबूत राहावीत. या तीन गोष्टी सांभाळणारे औजार तेच परवडणारे, मग त्याची किंमत काहीही असो.