घोडीचे अकरा महिने : खुणा ओळखा, शिंगरू वाचवा

टांग्याचे दिवस आता सरले. मुंबईच्या रस्त्यांवरील व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या आणि त्यांवर पोट भरणाऱ्यांना दुसरा रोजगार शोधावा लागला. तरीही घोडी कष्टकऱ्यांच्या दारातून गेलेली नाही. लग्नाच्या वरातीला घोडी देणारे, माथेरानच्या लाल वाटांवर पाहुण्यांना फिरविणारे, वीटभट्टीवर कच्च्या विटा वाहणारे, जत्रेत लहान मुलांना फेरी मारून आणणारे असे कितीतरी लोक आजही तिच्या जिवावर घर चालवितात. सारंगखेड्याच्या बाजारातून उसनवारी करून आणलेली एक घोडी म्हणजे त्या घरातील कमावते माणूसच असते. ती नीट व्याली आणि शिंगरू जगले तर घरात दुसरे भांडवल उभे राहते. घोडी दगावली तर मात्र कर्ज तेवढे मागे उरते.

आपल्याकडे गाय-म्हैस पाहिलेले लोक पुष्कळ आहेत; घोडी विताना पाहिलेले थोडे. म्हणून गायीचा अंदाज घोडीला लावला जातो आणि तेथेच घात होतो. गाय नऊ महिन्यांत विते, घोडी अकरा महिने घेते. गायीचा माज एक दिवसाचा, घोडीचा आठवड्याचा. गाय विताना काही तास धीर धरता येतो, घोडीच्या बाबतीत अर्ध्या तासात निकाल लागतो. हा फरक घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा, कारण घरधनी कामावर गेल्यावर घोडीकडे लक्ष असते ते घरातल्या बाईचे आणि मुलांचे.

माज कसा ओळखावा?

घोडी दीड-दोन वर्षांची झाली की माजावर येऊ लागते. पण तिचे हाडपेर भरलेले नसते. तीन वर्षे पुरी झाल्याशिवाय तिला फळवू नये. दिवस मोठे होऊ लागले की माज नियमित आणि ठळक दिसतो. थंडीत तो पुष्कळदा दबलेला असतो.

माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते. त्यांपैकी ५ ते ७ दिवस घोडी माजावर राहते. या दिवसांत ती शेपटी वर उचलून धरते, मागचे पाय फाकवून थोडी खाली बसते आणि पुन्हा पुन्हा थोडी थोडी लघवी करते. तिची निरण उघडझाप करते. घोड्याचा आवाज ऐकला की कान टवकारून त्या दिशेला ओढ घेते. एरवी शांत असणारी घोडी चिडचिडी होते किंवा कामात लक्ष देत नाही. अशा वेळी ती माजोरी झाली म्हणून तिला चाबूक दाखविणे हा अडाणीपणा आहे.

खात्री करायची असेल तर मजबूत लाकडी आडोशाच्या पलीकडे घोडा उभा करून घोडी दाखवावी. माजावर नसलेली घोडी कान मागे पाडते, किंचाळते, चावायला धावते, लाथ झाडते. माजावरची घोडी शांत उभी राहून शेपटी बाजूला करते. आडोसा नसेल तर हा प्रयोग करू नये. एका लाथेने माणसाचा पाय मोडतो.

स्त्रीबीज बाहेर पडते ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. म्हणून पहिल्याच दिवशी घाई करून घोडा दिला तर बहुधा फुकट जाते. माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, घोडी नकार देईपर्यंत घोडा द्यावा. घोडा निरोगी आहे ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. नाकातून पू किंवा अंगावर गाठी-जखमा असलेले जनावर जवळ येऊ देऊ नये.

गाभण आहे की नाही?

घोडा दिल्यावर १६ व्या दिवसापासून २२ व्या दिवसापर्यंत घोडीवर रोज लक्ष ठेवावे. ती पुन्हा माजावर आली नाही तर गाभण असण्याची आशा धरावी. मात्र खात्री मानू नये. अशक्त घोडी, अंगावर पिणारे शिंगरू असलेली घोडी माज दाखवीत नाही. उलट काही घोड्या गाभण असूनही माजाची लक्षणे दाखवितात. पोट पाहून सांगणारे तर हमखास फसतात, कारण पहिले सहा-सात महिने पोटात फारसा फरक दिसत नाही. पोटात जंत झाले किंवा नुसता जाडाभरडा चारा मिळाला तरी पोट सुटते आणि लोक म्हणतात, घोडी गाभण आहे!

खात्रीचा मार्ग डॉक्टरांचा. सोनोग्राफीची सोय असेल तर १५-१६ दिवसांनी गर्भ दिसतो. हाताने तपासणी करून अनुभवी डॉक्टर ३० ते ४० दिवसांनंतर सांगू शकतात. लवकर तपासणीचा आणखी एक फायदा आहे. पोटात जुळी असतील तर ते वेळीच कळते. घोडीला जुळी सहसा झेपत नाहीत. बहुतेक वेळा गर्भपात होतो आणि घोडीच्याही जिवावर बेतते.

सातव्या-आठव्या महिन्यानंतर सकाळी गार पाणी प्याल्यावर तिच्या कुशीकडे पाहिले तर शिंगराची हालचाल दिसते. मुलांना हे अवश्य दाखवावे. ज्या मुलाने ती हालचाल पाहिली, तो पुन्हा त्या घोडीच्या पोटावर टाच मारणार नाही.

तारीख वहीत लिहा

गाभणकाळ सरासरी ३४० दिवसांचा असतो. परंतु ३२० पासून ३६५ दिवसांपर्यंत केव्हाही घोडी विऊ शकते. समजा, १ एप्रिलला घोडा दिला. तर पुढच्या वर्षी ७ मार्चच्या सुमारास विण्याची अपेक्षा ठेवावी आणि १५ फेब्रुवारीपासूनच सावध राहावे. गाढवीचे दिवस याहून जास्त, साधारण बारा महिने असतात.

हे सारे तोंडी लक्षात राहत नाही. घरात शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल त्याच्याकडे एक वही द्यावी. माज कधी आला, घोडा कधी दिला, डॉक्टर कधी आले, कोणते इंजेक्शन दिले, सारे तारखेसह लिहावे. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले ते परीक्षेपुरते नव्हे. घरच्या धंद्याचा हिशेब अक्षरांत उतरला तर तेही शिक्षणाचेच फळ आहे.

काम आणि चारा

गाभण घोडीला सहा-सात महिन्यांपर्यंत हलके, नेहमीचे काम चालते. खुंट्याला जखडून ठेवण्यापेक्षा चालणे तिला हितकर. परंतु शेवटच्या तीन महिन्यांत ओझे, चढण, धावणे पूर्ण बंद करावे. शिंगराची निम्म्याहून अधिक वाढ याच काळात होते. आणि नेमकी याच वेळी लग्नसराई तोंडावर येते! वरातीच्या चार सुपाऱ्या जास्त मिळतात म्हणून भरल्या दिवसांची घोडी फटाक्यांत आणि बँडच्या गोंगाटात तासन्‌तास उभी केली जाते. चार वरातींच्या पैशासाठी वर्षाची कमाई पणाला लावू नये. वरात नेणाऱ्या आपल्या समाजबांधवांनीही घोडी गाभण दिसली तर दुसरी मागावी.

कायदाही जनावराच्या बाजूने आहे. १९६५ च्या नियमांप्रमाणे तट्टूच्या पाठीवर ७० किलोपेक्षा आणि गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा अधिक ओझे घालता येत नाही. दिवसात नऊ तासांहून अधिक किंवा सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम बंद ठेवावे लागते. ही मर्यादा धडधाकट जनावरासाठी आहे. गाभणीसाठी ती त्याहून खालीच धरावी.

चारा स्वच्छ असावा. बुरशी लागलेला कडबा किंवा भुसा गाभणीला कधीच घालू नये. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले वाईट अन्न पोटशूळ उठवूनच राहते. शेवटच्या महिन्यांत पोटात जागा कमी असते, म्हणून तोबरा एकदम भरून न देता चंदी थोडी थोडी तीन वेळा द्यावी. लसूणघास, भिजविलेला हरभरा, कोंडा, मीठ आणि भरपूर पाणी हवे. विण्याच्या महिना-दीड महिना आधी धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. जंताचे औषध डॉक्टर सांगतील तेच द्यावे.

विण्याच्या आधीच्या खुणा

विण्याआधी दोन ते चार आठवडे कास भरू लागते. शेवटच्या आठवड्यात सडही फुगतात. शेपटीच्या मुळाजवळचे पुट्ठे सैल पडतात, निरण लांबट व ढिली होते. सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळसर थेंब साचले की बहुधा एक-दोन दिवसांत घोडी विते. पहिलटकरीण घोडी कधी यांतली एकही खूण नीट दाखवीत नाही, म्हणून वहीतली तारीख महत्त्वाची. दूध आधीच गळून वाहू लागले तर चीक वाया जातो. लगेच डॉक्टरांना कळवावे.

घोडी बहुतेक वेळा रात्रीच विते. तिला एकांत हवा असतो. जागा कोरडी, मोकळी करून स्वच्छ पेंढा अंथरावा. एकाने दुरून लक्ष ठेवावे. वस्ती गोळा करू नये.

विताना

प्रथम ती बेचैन होते. घाम फुटतो, पायाने जमीन उकरते, कुशीकडे वळून पाहते, उठते-बसते. एक ते चार तास असे चालते. ही लक्षणे पोटशूळासारखीच असतात. कास भरलेली आहे का, यावरून फरक करावा.

त्यानंतर पाणी फुटते. येथून घड्याळ हातात घ्यावे. २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर आले पाहिजे. आधी पांढरट, चकचकीत पडदा दिसतो. त्यात पुढचे दोन पाय, एक किंचित पुढे, खुरांचे तळवे खाली, आणि गुडघ्यांवर टेकलेले नाक. असे असेल तर हात लावू नका. एकच पाय दिसला, तळवे वर असले, किंवा १५-२० मिनिटांत काही पुढे सरकले नाही, तर तत्काळ डॉक्टर. दुकानातून कळा आणणारे इंजेक्शन आणून टोचणे, चार माणसांनी दोर लावून ओढणे म्हणजे घोडी आणि शिंगरू दोघांना मारणे होय.

पांढऱ्याऐवजी मखमलीसारखा लाल पडदा आधी बाहेर आला तर मात्र थांबू नये. वार आधीच सुटली आहे आणि आत शिंगरू गुदमरत आहे असा त्याचा अर्थ. तो पडदा त्याच क्षणी स्वच्छ हातांनी फाडावा, कळेबरोबर शिंगराला हलके बाहेर घ्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

एक, दोन, तीन

हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा. एक तासात शिंगरू उभे राहिले पाहिजे. दोन तासांत ते प्याले पाहिजे. तीन तासांत वार पडली पाहिजे. यांतले एक जरी चुकले तरी डॉक्टरांना बोलवावे. गायीची वार उशिरा पडली तरी चालते असे म्हणून घोडीच्या बाबतीत थांबू नये. वार आत राहिली तर तिच्या अंगात विष भिनते आणि खुरांनाही सूज येऊन घोडी कायमची लंगडी होते. वार ओढू नये, तिला दगड बांधू नये. पडलेली वार डॉक्टरांना दाखवावी. तिचा तुकडा आत राहिला का ते त्यांना कळते.

नाळ आपोआप तुटू द्यावी. घाईने कापू नये, कारण तिच्यातून शिंगराला रक्त मिळत असते. तुटल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या जंतुनाशकात ती बुडवावी. राख, शेण, लीद लावू नये. धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि मातीत असतात आणि घोड्याच्या जातीला हा रोग फार लवकर होतो.

चीक पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे. शिंगराला रोगांशी लढण्याची शक्ती पोटात असताना मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि एक दिवसानंतर चीक पाजला तरी ती शक्ती अंगी लागत नाही. चीक खराब असतो म्हणून पिळून टाकणारे लोक शिंगराचे औषधच मातीत ओततात. पहिल्या दिवसात काळी घट्ट विष्ठा पडली की नाही हेही पाहावे. शिंगरू कुंथत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

विल्यावर आठवडा-दहा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. घाई करू नये. तिला सावरू द्यावे, पुढचा माज धरावा.

उतारा नको, उपचार हवा

घोडी अडली की कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो विटाळाची सावली पडली. लिंबू उतरविण्यात आणि अंगारा लावण्यात तो अर्धा तास जातो आणि शिंगरू मरते. कारणावाचून काही घडत नाही, हे तथागतांनी सांगितले. शिंगरू आडवे आले असेल तर त्याचे कारण पोटात शोधावे लागते, शेजारणीच्या डोळ्यांत नव्हे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांचा नंबर आणि फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. रात्री डॉक्टर येऊ शकतील का, हे नवव्या महिन्यातच विचारून ठेवावे.

सिद्धार्थाचा कंथक आणि त्याचा सोबती छन्न आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहेत. पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो. न मारणे एवढाच त्याचा अर्थ नाही. जो मुका जीव आपल्याला भाकरी मिळवून देतो, त्याला वेळेवर विसावा आणि वेळेवर डॉक्टर देणे हाही त्याचाच अर्थ आहे. ज्यांच्या दारात घोडी आहे त्यांनी ही माहिती वाचावी, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी, आणि आजपासूनच वही घालावी.

जय भीम!