आभाळातली राखण

मैत्रिणींनो, लढाऊ विमानांची बातमी दिसली की आपण पान उलटतो. ‘ती पुरुषांनी वाचायची,’ म्हणतो. पण ही विमानं २०१६ पासून मुलीही उडवतात. शिवाय आपल्या माहीमहून तारापूरचं अणुवीज केंद्र कितीसं लांब? आणि ही विमानं जिथे जुळतात ते ओझर तर शेजारच्याच नाशिक जिल्ह्यात. तेव्हा गॅस बारीक करा आणि वाचा.

माड म्हातारा झाला की त्याचं फळ थांबायच्या आधीच आपण शेजारी रोप लावतो. रोपाला नारळ धरायला वर्षं लागतात, हे वाडीतल्या बाईला सांगावं लागत नाही. हवाई दलाच्या बाबतीत नेमकं इथेच घोडं अडलं. मिग-२१ हे विमान १९६३ साली आपल्याकडे आलं. त्याच्यासाठी १९६४ साली ओझरला कारखाना निघाला. तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. १९७१ च्या लढाईत मिगने नाव काढलं. त्याच्या जागी स्वदेशी विमान करायचं, हे १९८३ साली ठरलं. ते तेजस पहिल्यांदा उडालं २००१ साली आणि हवाई दलात दाखल झालं २०१६ साली! मधली तेहेतीस वर्षं जुन्यालाच ठिगळं लावून भागवलं.

किंमत कोणी मोजली? २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक दगावले. त्यांतला एक आपला मराठी मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानात सुरतगडला त्याचं मिग-२१ कोसळलं. दोष वैमानिकावरच ठेवला गेला. पण त्याची आई, कविता गाडगीळ, गप्प बसल्या नाहीत. मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. पुढे पतीबरोबर पुण्यात वैमानिक घडवणारी संस्था काढली. स्वतःचा मुलगा गेल्यावर दुसऱ्यांच्या मुलांना उडायला शिकवायचं, याला काय काळीज लागत असेल!

बरं, शेजारीपाजारी स्वस्थ बसलेत का? पाकिस्तानने २०२२ साली चीनकडून जे-१० घेतली. खुद्द चीनकडे रडारला चकवणारी जे-२० आहेत. आपल्याला हव्यात ४२ स्क्वाड्रन, एकेकीत सोळा-अठरा विमानं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा उरल्या २९. फ्रान्सहून ३६ राफेल आणली खरी, पण बाहेरून डबा मागवून किती दिवस घर चालवायचं?

ओझरला २००४ पासून सुखोई जुळत आली. तिथेच तयार झालेलं पहिलं तेजस १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. वर्षाला आठ करायची, असा बेत आहे. नव्या तेजसची मागणी आहे एकूण १८० ची. पण इंजिन यायचं अमेरिकेहून, आणि तेच वेळेवर येईना म्हणून काम रखडलं. गिरणी आपल्या दारात, पट्टा मात्र परगावचा, अशी गत!

नवं म्हणजे निर्धोक, असंही नाही बरं का. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या प्रदर्शनात एक तेजस कोसळलं, वैमानिक गेला.

या १८० पैकी शेवटची ९७ विमानं २०२७-२८ पासून सहा वर्षांत मिळायची आहेत. म्हणजे आज आपल्या घरात दहावी-अकरावीचा अभ्यास करत बसलेली पोरंच ती उडवणार.