एकबारी रायफल आणि संयमाची व्यवस्था : झूल येथील मर्केलच्या निमित्ताने

सारांश

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील झूल हे नगर अनेक शतके शस्त्रनिर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मर्केल ही संस्था १८९८ पासून शिकारी बंदुका तयार करीत आली आहे. अनेक बार काढणाऱ्या रायफली शंभराहून अधिक वर्षे उपलब्ध असताना या संस्थेने एका वेळी एकच काडतूस घेणारी 'के-१' ही रायफल का घडवावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. रायफलीची यंत्ररचना, तिच्यामागील कारागिरी, तिला वेढणारे कायदे आणि झूलचा युद्धकालीन इतिहास यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, संयम हा केवळ यंत्राचा वा कारागिराचा गुण नसून तो कायदा, प्रशिक्षण आणि परीक्षण यांच्या व्यवस्थेतून घडतो.

प्रास्ताविक

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर कठोर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्णपणे थांबविली. त्यामुळे शिकारी बंदूक हा आपल्याकडे बहुधा संस्थानी राजवटीच्या आठवणींचा विषय ठरतो. जर्मनीत मात्र शिकार हा आजही कायद्याने बांधलेला आणि परीक्षेनंतरच करता येणारा व्यवहार आहे. वनांची व शेतीची हानी मर्यादित ठेवण्यासाठी हरणांची व रानडुकरांची संख्या नियंत्रित करणे हा त्याचा एक हेतू मानला जातो. शिकार योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. त्याचा निवाडा करणे हा या लेखाचा उद्देश नाही. घातक साधन बनविणारा समाज त्या साधनाच्या वापराला मर्यादा कशी घालतो, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

झूल आणि मर्केल

थुरिंगियाच्या वनाच्छादित डोंगरांच्या दक्षिण उतारावर झूल वसले आहे. डोंगरात लोहखनिज, भट्ट्यांच्या कोळशासाठी लाकूड आणि घण चालविण्यासाठी वाहते ओढे, अशी तिन्ही साधने तेथे एकत्र लाभल्याने सोळाव्या शतकापासून बंदुकांचा व्यवसाय वाढला. तीस वर्षांच्या युद्धात, १६३४ मध्ये, हे नगर जाळले गेले. तरीही व्यवसाय पुन्हा उभा राहिला. १८१५ मध्ये झूल प्रशियाकडे गेले. योहान पाउल झाउअर यांच्या घराण्याची संस्था १७५१ मध्ये, हेनेल १८४० मध्ये, झिम्सन १८५६ मध्ये आणि मर्केल बंधूंची संस्था १८९८ मध्ये स्थापन झाली.

मर्केलची ख्याती प्रथम पसरली ती एकावर एक नळ्या असलेल्या दुनळी बंदुकांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर झूल सोव्हिएत नियंत्रणाखालील विभागात आले, कारखाने राज्याच्या मालकीचे झाले आणि पूर्व जर्मनीने या शिकारी बंदुका परकीय चलन मिळविण्यासाठी पश्चिमेकडे विकल्या. १९९० च्या एकीकरणानंतर संस्था पुन्हा खासगी क्षेत्रात आली. २००७ मध्ये ती संयुक्त अरब अमिरातीतील काराकाल या शस्त्रनिर्मात्याच्या ताब्यात गेली. म्हणजे सम्राटाचे साम्राज्य, वायमार प्रजासत्ताक, नाझी राजवट, साम्यवादी राज्य आणि खुली बाजारपेठ या सर्व व्यवस्थांमधून ही कारागिरी पार पडली आहे. 'के-१' या एकबारी रायफलीकडे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे.

रायफलीची रचना

या प्रकारच्या रायफलीला जर्मनमध्ये 'किप्लाउफब्युक्से', म्हणजे कलत्या नळीची रायफल, असे नाव आहे. नळी पुढील बाजूस बिजागरीसारख्या खिळीवर बसविलेली असते. खटका दाबला की नळीचे तोंड खाली झुकते, मागील टोक उघडे पडते आणि तेथे हाताने एक काडतूस ठेवले जाते. नळी वर उचलताच ती चौकटीत घट्ट बसते. काडतुसांचा साठा नाही आणि मागे-पुढे सरकणारा लांब दांडाही नाही. त्यामुळे नळीची लांबी कायम ठेवूनही बंदुकीची एकूण लांबी काही सेंटिमीटरने कमी होते आणि वजन सुमारे अडीच किलोग्रॅमपर्यंत खाली येते. आल्प्समध्ये शॅमॉय या डोंगरी प्राण्यामागे दिवसभर चढणाऱ्या माणसाला हा फरक खांद्यावर जाणवतो. नळी, पुढील लाकूड आणि दस्ता असे तीन भाग सुटे करून ती पाठीवरील पिशवीतही नेता येते.

हलकेपणाची किंमतही द्यावी लागते. बार उडताना गोळीला जितका संवेग मिळतो तितकाच उलट दिशेने बंदुकीला मिळतो. संवेग समान असता बंदुकीची मागे येण्याची ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून साडेतीन किलोग्रॅमच्या रायफलीच्या तुलनेत अडीच किलोग्रॅमच्या रायफलीचा धक्का ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे १.४ पट बसतो.

खरे आव्हान मात्र नळी बंद ठेवण्याचे आहे. १९१७ मधील ७×६५ आर हे काडतूस मुख्यतः अशाच बंदुकांसाठी आहे. त्यातील 'आर' हे अक्षर पेंद्याभोवतीच्या कडेचे निदर्शक असून त्या कडेला धरून रिकामे काडतूस बाहेर ओढता येते. या काडतुसासाठी ३८०० बार इतका कमाल दाब मान्य आहे. काडतुसाचा आतील व्यास सुमारे १० मिलिमीटर धरल्यास पेंद्यावर मागील दिशेने पडणारे बल सुमारे तीन टन वजनाइतके भरते. क्षणार्धात येणारे हे बल केवळ बिजागरीवर सोपविले तर ती लवकरच सैल होईल. म्हणून चौकटीत तिरपा होणारा पोलादी ठोकळा बसवून, तो पाचरीप्रमाणे नळीशी जुळवून, बल विस्तृत पृष्ठभागावर वाटून दिले जाते. ही जोडणी फ्रान्झ येगर या बंदूक-कारागिराच्या नावाने ओळखली जाते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. भरलेली रायफल हाती घेऊन चालताना तिची मुख्य स्प्रिंग ताणलेली नसते. नेम धरल्यावर अंगठ्याने एक सरक पुढे ढकलली की स्प्रिंग ताणली जाते. विचार बदलल्यास तीच सरक मागे घेऊन ताण उतरविता येतो. त्यामुळे कड्यावरून पाय घसरून बंदूक आपटली तरी बार उडण्याचा धोका अत्यल्प राहतो. बार काढण्याचा निर्णय येथे दोन स्वतंत्र कृतींत विभागला आहे : आधी सिद्धता, मग चाप.

कारागिरी आणि परीक्षण

यंत्रांनी पोलाद कितीही अचूक कापले तरी पृष्ठभाग परस्परांशी जुळविण्याचे अंतिम काम अनुभवी हातांना करावे लागते. एका भागावर काजळीचा पातळ थर देऊन तो दुसऱ्यावर बसवितात. जेथे डाग उमटतो तेथे धातू उंच आहे असे समजून तो कानशीने अत्यल्प उतरवितात. सर्वत्र समान डाग उमटेपर्यंत ही क्रिया चालते. अक्रोडाच्या दस्त्याची बैठक आणि पोलादावरील कोरीवकाम ही स्वतंत्र कौशल्ये आहेत. जर्मनीत बंदूक-कारागिराचे प्रशिक्षण तीन वर्षांचे असून झूल येथे त्यासाठी विद्यालय आहे. २००४ मध्ये जर्मनीने ५३ हस्तव्यवसायांतील 'माइस्टर' या उच्च पात्रतेची सक्ती काढून टाकली. बंदूक-कारागिरीसाठी मात्र ती कायम ठेवली.

कारागिराचा शब्द अंतिम मानला जात नाही, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १८९१ च्या कायद्यानुसार प्रत्येक बंदुकीचे परीक्षण बंधनकारक झाले आणि ते १८९३ पासून अंमलात आले. शासकीय परीक्षण कार्यालयात रायफलीतून कमाल मान्य दाबापेक्षा सुमारे २५ टक्के अधिक दाबाची काडतुसे उडवितात. वरील उदाहरणात हा दाब ४७५० बार होतो. रायफल निर्दोष राहिली तरच तिच्या नळीवर व चौकटीवर शिक्का उमटतो. त्याशिवाय ती विकता येत नाही, मग निर्माता कितीही नामांकित असो.

वापरणाऱ्याची मर्यादा

निर्मात्याप्रमाणे वापरणाऱ्याचीही परीक्षा होते. १९५२ च्या संघीय शिकार कायद्यानुसार शिकारीच्या परवान्यापूर्वी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. तीत नेमबाजीखेरीज प्राणिशास्त्र, वनशेती, शस्त्रविषयक कायदा, शिकारी कुत्र्यांचा वापर, मांसाची स्वच्छता आणि निसर्गसंरक्षण हे विषय असतात. लहान रो हरणासाठी १०० मीटर अंतरावर गोळीची ऊर्जा किमान १००० जूल असावी लागते. मोठ्या खूरधारी प्राण्यांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि २००० जूल ऊर्जा आवश्यक ठरते. अपुऱ्या गोळीने प्राणी जखमी होऊन तडफडू नये, हा त्यामागील हेतू आहे. हाच कायदा 'वाइडगेरेख्टिगकाइट' या तत्त्वाच्या पालनाची अपेक्षा ठेवतो. शिकाऱ्याने प्राण्याला अनावश्यक वेदना देऊ नये आणि खात्री नसेल तेव्हा बार टाळावा, असे या संकल्पनेचे सार सांगता येईल.

एकबारी रायफल या तत्त्वाशी सहज जुळते. दुसरा बार तात्काळ मिळणार नाही हे ठाऊक असल्याने शिकारी अधिक जवळ जातो, अधिक थांबतो आणि पुष्कळदा बार न काढताच परततो. परंतु हे गुणवर्णन एका मर्यादेतच खरे आहे. पहिली गोळी चुकीच्या जागी लागल्यास जखमी प्राण्याचे हाल संपविण्यासाठी त्वरित दुसरा बार हवा असतो. हाकारा घालून होणाऱ्या रानडुकरांच्या शिकारीत तर एकबारी रायफल अयोग्यच ठरते. म्हणून यंत्राची मर्यादा म्हणजे माणसाचा संयम, असे समीकरण मांडता येत नाही.

इतिहासाची दुसरी बाजू

झूलचा इतिहास हाच मुद्दा अधिक कठोरपणे सांगतो. व्हर्सायच्या तहानंतर मर्यादित जर्मन सैन्याला हलकी शस्त्रे पुरविण्याचा मक्ता झिम्सन या ज्यू घराण्याच्या संस्थेकडे होता. १९३५ मध्ये नाझी राजवटीने ती संस्था बळकावली आणि १९३६ मध्ये कुटुंबाला देश सोडावा लागला. ज्या राजवटीने हे केले, तिनेच १९३४ मध्ये शिकार कायदा करून प्राण्यांविषयीच्या मर्यादेचा पुरस्कार केला होता. पुढे याच नगरातील हेनेल संस्थेत ह्यूगो श्मायसर यांच्या हाताखाली तीस काडतुसे घेणारी 'श्टुर्मगेवेअर ४४' ही सैनिकी रायफल विकसित झाली. युद्धानंतर १९४६ मध्ये श्मायसर यांना सोव्हिएत संघात नेण्यात आले. एकाच खोऱ्यात, त्याच प्रकारच्या कानशी आणि पोलाद यांतून, एक गोळी जपून वापरणारी बंदूकही घडली आणि माणसांवर गोळ्यांचा वर्षाव करणारी बंदूकही.

ही दुहेरी वाट आजही पूर्ण संपलेली नाही. २०२० मध्ये जर्मन सैन्याच्या नव्या रायफलीसाठी झूलच्याच हेनेलची निवड जाहीर झाली. पुढे पेटंटच्या वादामुळे हेनेलला त्या प्रक्रियेतून वगळण्यात आले.

समारोप

'के-१' सारखी रायफल कौशल्याचा उत्तम नमुना आहे, यात शंका नाही. परंतु कौशल्य स्वतः नीतिमान नसते. ते ज्याच्या सेवेत रुजू होते त्याचे होते. या रायफलीला संयमाचे साधन बनविले ते तिच्यातील रिकाम्या जागेने नव्हे, तर कारागिराला प्रशिक्षण देणाऱ्या विद्यालयाने, त्याच्या कामावर अविश्वास दाखविण्याचा अधिकार असलेल्या परीक्षण कार्यालयाने आणि शिकाऱ्याला प्रथम विद्यार्थी होण्यास भाग पाडणाऱ्या कायद्याने. १९३४ चा दाखला हेही सांगतो की, कायदासुद्धा प्राण्यांविषयी दयाळू आणि माणसांविषयी निर्दय असू शकतो. म्हणून त्या कायद्यालाही लोकशाहीची देखरेख हवी. तंत्रशिक्षण देणाऱ्या आपल्या संस्थांनी हाताच्या कौशल्याबरोबर त्याच्या उत्तरदायित्वाचा विचार अभ्यासक्रमात आणावा, हे या परकीय उदाहरणातून घेण्यासारखे आहे.