‘लय भारी’च्या पुढं काय?

"भावा, दुसऱ्या गाण्यात माझा पाय घसरला. ऐकलंस का न्हाई?"

"ऐकलं की."

"मग लिहिलं का न्हाईस?"

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या संगीत-समीक्षेवर आलेली ही पहिली प्रतिक्रिया. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मित्रांच्या मेटल बँडला वीस मिनिटं मिळाली होती. मी भित्तिपत्रकासाठी त्यावर अर्धं पान लिहिलं. ‘स्टेज हादरवलं’, ‘धुरळा उडवला’, ‘नाद खुळा परफॉर्मन्स’ असं सगळं त्यात होतं. गिटारवाला खूश, गायक तर हवेतच. ड्रमर तेवढा गप्प होता. चार महिने तो एका खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून, दोन्ही पायांनी डबल बेस घोटत बसला होता. शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आणि ऐन वेळी दुसऱ्या गाण्यात उजवा पाय मागं पडला. ते त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. "तू सगळंच भारी म्हटलास," तो म्हणाला, "म्हणजे चार महिने घासलं काय न् नाही घासलं काय, तुला सारखंच."

त्या दिवशी मला कळलं, की कौतुकानंही माणूस दुखावतो.

आता गंमत बघा. आपण कोल्हापूरकर काय समीक्षेत कमी आहोत का? मिसळीच्या कटावर आपण अर्धा तास बोलू शकतो. तवंग जास्त झालाय, मसाला जुना वाटतोय, कालच्यापेक्षा आज मीठ कमी आहे. खासबागेत कुस्ती बघायला बसलेले आजोबा मल्लानं हात कुठं घातला यावरून पुढचा डाव सांगतात, आणि पकड कुठं ढिली पडली तेही. पण मित्राचा बँड वाजवून खाली उतरला, की आपल्याकडं दोनच शब्द. आवडलं तर ‘लय भारी’, नाही आवडलं तर ‘नुसता दंगा’. मेटलच्या वाट्याला घरातून आणि शेजारून कायम दुसराच शब्द येतो. त्यामुळं ज्यांना ते संगीत कळतं, त्यांच्यावर जरा जास्त जबाबदारी पडते.

मुळात या संगीताचा जन्मच आपल्या ओळखीच्या वातावरणातला आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ज्यांचे वडील, काका कामाला आहेत, त्यांना इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम समजायला वेळ लागणार नाही. तेही लोखंडाचं, कारखान्यांचं शहर. तिथं १९६५ मध्ये सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो नेमका हाच हात. पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढं सूरही खाली उतरवले. फेब्रुवारी १९७० मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम आला. त्यातला तो जड, काळोखी आवाज म्हणजे हेवी मेटलची सुरुवात, असं आज जवळपास सगळेच मानतात.

तेव्हाच्या समीक्षकांनी काय म्हटलं? ‘रोलिंग स्टोन’ मासिकात लेस्टर बँग्ज या नावाजलेल्या समीक्षकानं अल्बम झोडपून काढला. ही ‘क्रीम’ या बँडची हलकी नक्कल आहे, असा त्याचा सूर होता. लोकांनी मात्र अल्बम डोक्यावर घेतला. पुढं दोन वर्षांनी याच बँग्जनं दुसऱ्या एका मासिकात ब्लॅक सॅबथवर मोठा लेख लिहिला, आणि या वेळी त्यांना गांभीर्यानं घेतलं. मोठा समीक्षकही चुकतो. तो पुन्हा ऐकतो का, आणि मत बदललं तर ते उघड लिहितो का, यावर त्याची किंमत ठरते.

मोठ्या मासिकांना हे संगीत कळेना, म्हणून ऐकणाऱ्या पोरांनीच लिहायला घेतलं. ब्रिटनमध्ये ‘साउंड्स’ या साप्ताहिकानं १९७९ पासून नव्या मेटल बँडची लाट उचलून धरली. त्याचीच पुरवणी म्हणून १९८१ मध्ये ‘केरँग’ निघालं. अमेरिकेत तर पोरं स्वतः टाइप करून, झेरॉक्स काढून फॅनझिन वाटायची. सॅन फ्रान्सिस्कोचा रॉन क्विंटाना आपल्या फॅनझिनसाठी नावं शोधत होता. त्यानं यादी मित्राला दाखवली. मित्र म्हणाला, "‘मेटल मेनिया’ घे, मस्त आहे." आणि यादीतलं दुसरं एक नाव त्यानं गुपचूप स्वतःच्या बँडला ठेवलं. तो मित्र म्हणजे लार्स उलरिक आणि ते नाव मेटॅलिका. या मेटॅलिकाचं पहिलं गाणं १९८२ मध्ये ‘मेटल मॅसॅकर’ नावाच्या संकलनात आलं, ते काढणारा ब्रायन स्लेगलही फॅनझिन चालवणाराच. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल बँडला नाव आणि पहिली संधी दोन्ही मिळाली, ती लिहिणाऱ्या दोन पोरांकडून.

आपल्या देशातही गोष्ट फार वेगळी नाही. मुंबईत धोबीतलावजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं. आपल्याकडचे बँड मोठ्या स्टेजवर बघायचे तर तिथं, हे त्या काळच्या पोरांना पाठ होतं. पण त्यावर सातत्यानं लिहिणारं मासिक मुंबईतून निघालं नाही. ते निघालं अलाहाबादहून! अमित सैगल यांनी १९९३ मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केलं. इंटरनेट घराघरात नसण्याचा तो काळ. शिलाँगचा बँड मुंबईला आणि मुंबईचा बँड दिल्लीला माहीत झाला, तो या मासिकामुळं. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. बँडच्या गाण्यांची संकलनं काढली, १९९७ पासून ‘ग्रेट इंडियन रॉक’ महोत्सव भरवला. २०१२ मध्ये गोव्यात सैगल यांचं निधन झालं, तेव्हा देशभरातल्या रॉकवाल्यांना घरातला माणूस गेल्यासारखं वाटलं. हे सगळं उभं राहिलं, ते महानगर नसलेल्या एका शहरातून. हे आपण लक्षात ठेवायला हवं.

पुढच्या पिढीत मुंबईनं मेटलमध्ये जोर धरला. २००० मध्ये साहिल मखिजाचा ‘डीमॉनिक रेझरेक्शन’ सुरू झाला, २००३ मध्ये ‘भयानक मौत’ आला. सॅम डन या कॅनेडियन दिग्दर्शकाच्या २००८ च्या ‘ग्लोबल मेटल’ माहितीपटात भारतही दिसला. २०१४ मध्ये डीमॉनिक रेझरेक्शननं जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवलं आणि २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’नं मेटलमध्ये ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द आणले आणि तेही वाकेनला पोचले. हे सगळं आज आपण तारखांसह सांगू शकतो, कारण त्या त्या वेळी कुणीतरी ते नोंदवून ठेवलं.

आता कोल्हापूरकडं येऊ. आपल्या शहरात लिहिण्याची ही परंपरा नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याला देवल क्लबजवळचा अल्लादियाखाँसाहेबांचा पुतळा दाखवा. जयपूर-अत्रौली घराण्याचे हे दिग्गज शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं राहिले, गायले, शिष्य घडवले. पण त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण आपल्याकडं नाही. मग ते कसे गायचे हे आपल्याला कसं कळतं? एक तर शिष्यांच्या गाण्यातून. आणि दुसरं, ज्यांनी ऐकलं आणि लिहून ठेवलं त्यांच्यामुळं. गोविंदराव टेंबे हे त्यातलं मोठं नाव. हार्मोनियमवादक, संगीतकार, नट असलेल्या या माणसानं ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिलं, खाँसाहेबांबद्दल लिहिलं. आपल्या काळातल्या गाण्याला त्यांनी शब्दांत पकडून ठेवलं.

"कुठं खाँसाहेब आणि कुठं ग्राउल करणारी पोरं!" असं म्हणून काही जण कपाळावर हात मारतील. मारू देत. तुलना गाण्याची नाहीच, ऐकण्याची आहे. बारकाईनं ऐकायचं आणि ऐकलेलं खरं लिहायचं, हे काम दोन्हीकडं तेच.

मग मेटल ऐकायचं कसं? मी चुकत चुकत जे शिकलो ते सांगतो.

पहिलं, प्रत्येक वाद्य सुटं ऐका. गाणं सुरू झालं की आधी फक्त ड्रमवर कान ठेवा. डबल बेसचे ठोके सारखे पडतात का, की वेग वाढला की एक पाय रेंगाळतो? मग बेस गिटार. ती ऐकू येते का? छोट्या हॉलमध्ये बऱ्याचदा बेस आणि गिटार एकमेकांत कालवून जातात. तो दोष बँडचा नसतो, साउंडवाल्याचा किंवा हॉलचा असतो. हे न ओळखता बँडला झोडपणं म्हणजे मैदान ओलं होतं म्हणून पैलवानाला नावं ठेवणं.

दुसरं, ग्राउल म्हणजे ओरडणं नव्हे. नुसता गळा फाडून ओरडणाऱ्याचा आवाज दोन गाण्यांत बसतो. शिकलेला गायक श्वासावर ताबा ठेवतो आणि शेवटच्या गाण्यातही त्याच ताकदीनं उभा असतो. तेव्हा समीक्षा लिहायची तर शेवटचं गाणं होईपर्यंत थांबा. निम्म्यातून चहाला जाऊ नका.

तिसरं, आपले शब्द वापरा. इंग्रजी समीक्षेतले शब्द उचलून मराठीत चिकटवले, की वाचणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. आपल्याकडं हलगी आहे, घुमकं आहे, कैताळ आहे. कुस्तीच्या मैदानात हलगी कशी चढत जाते, हे कोल्हापूरच्या पोराला सांगावं लागत नाही. एखाद्या ड्रमरचा वेग हलगीसारखा चढत गेला, असं लिहा. ज्यानं मेटल कधी ऐकलं नाही त्यालाही ते कळेल.

चौथं, तारीख, जागा, कोण काय वाजवत होतं, कुठली गाणी झाली, त्यात स्वतःची किती आणि दुसऱ्यांची किती, हे टिपून ठेवा. मत दहा वर्षांनी बदलेल. ही नोंद बदलणार नाही.

आणि पाचवं, सगळ्यात अवघड. मुंबईत समीक्षक बँडवर टीका करून लोकलच्या गर्दीत गायब होऊ शकतो. इथं संध्याकाळी रंकाळ्यावर तोच गिटारवाला समोर येतो. त्याच्या घरी आपण जेवलेलो असतो. मग लिहायचं कसं? मी एक नियम पाळतो. जे त्याच्या तोंडावर सांगू शकत नाही ते लिहायचं नाही, आणि जे लिहायचं ते आधी त्याच्या तोंडावर सांगायचं. मित्राचा बँड असेल तर लेखात सरळ सांगून टाकायचं, की हा माझा मित्र आहे.

तरी किंमत मोजावी लागतेच. पुढच्या वर्षी त्याच बँडवर मी दुसऱ्यांदा लिहिलं. ड्रम या वेळी पक्के होते, तसं लिहिलं. गायक मात्र तिसऱ्या गाण्यापासून बसलेल्या आवाजात नुसता रेटत होता, तेही लिहिलं. आधी त्याला सांगितलं होतं. तरी तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही. समोरून आला की गाडी वळवायचा. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण तो लेख मी पुन्हा वाचला, तर त्यातला एकही शब्द मागं घ्यावासा वाटत नाही.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षा झाल्या आणि बँड मोडला. भांडण वगैरे काही नाही. एक जण पुण्याला आयटीत गेला, एक वडिलांच्या फौंड्रीत बसला, एक परदेशी शिकायला गेला. गाण्यांचं रेकॉर्डिंग एका मोबाइलच्या मेमरी कार्डात होतं, ते खराब झालं. स्वतःची चार गाणी बांधली होती पोरांनी. आता ती कुणालाच पूर्ण आठवत नाहीत.

मागच्या वर्षी ड्रमरचा फोन आला. "तो दुसरा लेख हाय का रं तुझ्याकडं? फोटो काढून पाठव की." मी शोधून पाठवला. त्यानं तो जुन्या ग्रुपवर टाकला. पहिला अंगठा आला तो गायकाचा. खाली त्यानं लिहिलं होतं, "तिसऱ्या गाण्याचं बरोबर होतं लेका."

ड्रमरनं मात्र एका ओळीभोवती लाल गोल काढून फोटो परत मला पाठवला. त्या ओळीत एवढंच होतं, की दुसऱ्या गाण्यात या वेळी पाय शेवटपर्यंत टिकला.

तुमच्या कॉलेजातही असा एखादा बँड कुठल्या तरी खोलीत, अंड्यांच्या ट्रेआड घासत असेल. पुढच्या गॅदरिंगला जाताना मोबाइलबरोबर एक वही पण न्या.