टोक्याचे पंख आणि ग्रहणाचं खापर

तांदळाच्या डब्यात टोके झाले की आपल्याला काय दिसतं? आपलाच हलगर्जीपणा! मग तांदूळ उन्हात पसरा, चाळा, निवडा, डबा पुसून त्यात कडुलिंबाचा पाला घाला. कुणी टोके म्हणतं, कुणी सोंडे, कुणी पोरकिडे. पण त्या किड्याकडे जरा निरखून बघावं, असं मला तरी वीस वर्षांच्या संसारात कधी वाटलं नव्हतं.

म्हणूनच भाचीनं मोबाइलवर दाखवलेला फोटो बघून मी चाटच पडले. तांदळाच्या एका दाण्यावर टोका बसलाय आणि त्यानं दोन्ही पंख पसरलेत. आता उडेल की काय, असं वाटावं. "मावशी, यालाच २०२५ चा पहिला नंबर मिळालाय," ती म्हणाली.

ही स्पर्धा आहे सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंची. नाव 'स्मॉल वर्ल्ड'. निकॉन कंपनी १९७५ पासून ती भरवते. २०११ पासून हलत्या चित्रांसाठी वेगळी स्पर्धाही सुरू झाली. भाग घ्यायला फी नाही, पदवीची अट नाही. फोटो नुसता सुंदर असून भागत नाही. त्यातून काही नवं कळतं का, तो काढण्यातलं कसब कसं आहे, हेही परीक्षक बघतात.

टोक्याचा फोटो चीनच्या झांग यू यांनी काढला. पंख पसरलेला हा किडा त्यांना खिडकीच्या कट्ट्यावर, आहे त्याच अवस्थेत वाळलेला मिळाला होता. एवढासा जीव, पण त्यासाठी शंभरावर फोटो जोडावे लागले. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी अगदी पातळ थर तेवढा स्पष्ट दिसतो, बाकीचं सगळं धूसर. म्हणून केसभर पुढे सरकत एकेक थराचा फोटो घ्यायचा आणि संगणकावर त्यातले स्पष्ट भाग एकत्र आणायचे. चकलीचा घाणा उतरवण्यापेक्षाही चिकाटीचं काम!

या स्पर्धेत मोठमोठे शास्त्रज्ञ असतात, तशी आपल्यासारखी माणसंही असतात. २०१४ चा पहिला नंबर पनामाच्या रोजेलिओ मोरेनो यांचा. फोटो होता पाण्याच्या थेंबात राहणाऱ्या, तोंड वासलेल्या एका सूक्ष्म जीवाचा, आणि हे सगळं ते आपलं आपण शिकलेले. २०१५ चे विजेते ऑस्ट्रेलियातले शाळामास्तर, राल्फ ग्रिम. पूर्वी ते मधमाश्या पाळायचे. त्यांनी मधमाशीचा परागकणांनी माखलेला डोळा टिपला, १२० पट मोठा करून. तो डोळा नीट बसवायलाच त्यांना चार तास लागले होते.

पण मैत्रिणींनो, या स्पर्धेशी माझी ओळख टोक्याच्या आधीची. २०२४ मधली. आणि ती झाली एका लेकरापायी.

आम्ही ज्या वस्तीत काम करतो, तिथली एक मुलगी त्या वर्षीच्या मार्चमध्ये बाळंत झाली. पहिलटकरीण. बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला. दूध ओढता यायचं नाही. आधीच ती बिचारी रडकुंडीला आलेली, त्यात घरात सगळं खापर तिच्यावर. "कोजागरीच्या ग्रहणाला वेध लागल्यावर विळीवर भाजी चिरली हिनं. नको नको म्हणत होते मी," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. नवरा मान खाली घालून बसायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिलाही ते पटलं होतं. "ताई, माझ्या हातानं कापला गेला हो त्याचा ओठ," ती म्हणाली. मला रात्रभर झोप लागली नाही.

मी आर्ट्सवाली. शास्त्रातलं मला काय कळतंय? दुसऱ्या दिवशी भाचीला गाठलं. ती बायोलॉजीची विद्यार्थिनी. तिनं मला याच स्पर्धेतला २०१६ चा पहिल्या नंबरचा फोटो दाखवला. चार दिवसांच्या झेब्राफिशच्या पिल्लाचा समोरून चेहरा. ही पट्टेरी मासोळी मूळची आपल्याच उपखंडातली. तिची पिल्लं आईच्या पोटात नव्हे, पाण्यातल्या अंड्यात वाढतात, आणि पारदर्शक असतात. त्यामुळे चेहरा कसा घडतो ते जिवंतपणीच बघता येतं. फोटो काढणारे ऑस्कर रुइझ अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये नेमका हाच अभ्यास करत होते. जनुकांतल्या बिघाडानं चेहऱ्यात व्यंग कसं येतं, ओठ आणि टाळू का दुभंगतात, हा.

भाचीनं मला माणसाच्या बाळाचंही समजावलं. चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत मध्यावर येतात आणि सांधले जातात. गर्भ चार ते सात आठवड्यांचा असतानाच ओठ तयार होतो. सांधा जुळला नाही, तर फट राहते. त्यामागे जनुकं असतात, कधी काही औषधं, कधी धूम्रपान किंवा आधीपासूनचा मधुमेह. बरेचदा नेमकं कारण सापडत नाही. पण ग्रहण आणि विळी त्यात कुठंच नाही.

मी बोटांवर हिशेब मांडला. ग्रहण होतं २८ ऑक्टोबर २०२३ ला. तेव्हा तिला पाचवा महिना होता. म्हणजे भाजी चिरली त्याच्या कितीतरी आधीच ओठ घडून झाला होता!

त्या फोटोची रंगीत प्रत काढून मी वस्तीत घेऊन गेले. ओट्यावर बायका जमल्या. मासोळीचा चेहरा या हातातून त्या हातात फिरला. महिन्यांचा हिशेब मी दोनदा मांडून दाखवला. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, मासोळीची अंडी पाण्यात. तिला कुठलं ग्रहण नि कुठली विळी? तिच्या पिल्लातही खोट येतेच की!" एवढं सोपं उत्तर मला सुचलं नव्हतं.

सासूबाईंना ते सगळं पटलं, असं मी म्हणणार नाही. ग्रहण त्या अजूनही पाळतात. पण त्या दिवसापासून सुनेला बोल लावणं थांबलं, आणि पुढच्या सोमवारी नवरा स्वतः बाळाला घेऊन दवाखान्यात आला. अशी व्यंगं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतात, उपचार मोफत होतात. बाळाचं वजन वाढेपर्यंत वाट बघावी लागली. पाचव्या महिन्यात ओठ शिवला गेला. आता बघाल तर ओठावर एक बारीक रेघ तेवढी आहे.

स्पर्धेतल्या परीक्षकांना त्यांचा एक फोटो आमच्या ओट्यावर कुठल्या कामी आला, हे कधी कळणार नाही. त्या मुलीनं मात्र ती प्रत जपून ठेवलीय, बाळाच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये. तुमच्या शेजारीपाजारी अशी कुणी दोष माथी घेऊन बसली असेल, तर तिला आधी तो आठवड्यांचा हिशेब सांगा. आणि मग बाळाला घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जा.