वाचनालयातला संगणक आणि आपण

पूर्वी वाचनालयात बाई शिरली की ती कादंबऱ्यांच्या कपाटाकडे जायची, नाहीतर मासिकांच्या टेबलाशी उभी राहायची. आता काहीजणी तिकडे न वळता कोपऱ्यातल्या संगणकाकडे जाताना दिसतात. कुणाला मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो, कुणाला माहेरच्या जमिनीचा सातबारा पाहायचा असतो, कुणी स्वतःच स्पर्धा परीक्षेला बसायचं मनात घेतलेलं असतं. घरात मोबाइल असतो, नाही असं नाही. पण त्या तळहाताएवढ्या पडद्यावर पाच-सहा पानांचा अर्ज भरायचा, त्यात मध्येच सासूबाईंचा फोन यायचा, आणि भरलेलं सगळं पुसून जायचं! त्यापेक्षा वाचनालयातली ती खुर्ची बरी वाटते.

आणखीही एक कारण आहे. मोकळेपणानं बोलायचं तर घरातला मोबाइल बहुतेकदा नावालाच आपला असतो. मुलं घेतात, ‘हे’ घेतात, कुणी काय शोधलं ते पुढच्याला आयतं दिसतं. अंगावरून जाणं का थांबत नाही, वडिलांच्या घरात आपला वाटा किती, घरात मार खावा लागणाऱ्या बहिणीनं कुठं जायचं, असले प्रश्न बाईला चारचौघांत विचारता येत नाहीत. अशा वेळी घराबाहेरचा हा संगणक मोठा आधार ठरू शकतो. म्हणूनच तो कसा वापरायचा, तिथले नियम काय आणि ते कशासाठी, हे नीट समजून घेतलेलं बरं.

आपल्या कोल्हापूरला वाचनालयाची हौस आजची नव्हे. करवीर नगर वाचन मंदिर निघालं ते १८५० साली, ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ या नावानं. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी हिंदुस्थानात पहिला कायदा केला तोही कोल्हापूर संस्थाननं, १९४५ साली. मद्रासचा कायदा त्यानंतर १९४८ ला आला आणि महाराष्ट्र राज्याचा १९६७ ला. संगणकाच्या बाबतीतही आपला जिल्हा मागं नव्हता. शहरांतून इंटरनेट सामान्य माणसाला १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागलं, आणि १९९८ साली वारणानगरच्या परिसरात ७० गावांसाठी संगणक-केंद्रांची योजना आखली गेली. शेतकऱ्यानं गावातच आपल्या उसाचं वजन आणि बिल पाहावं, शिवाय जगाची माहितीही मिळवावी, असा बेत होता. प्रत्यक्षात ते संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबालाच कामी आले, आणि पुढं तेच काम मोबाइलच्या संदेशांवर करून पाहण्याचा प्रयोगही झाला. यंत्र आणून ठेवलं म्हणजे ते आपोआप वापरात येतं असं नाही, हे तिथं दिसलं. त्या केंद्रांवर बायका किती गेल्या असतील, असा प्रश्न माझ्या मनात येतो खरा.

आमच्या शेजारच्या वैनींना मी विचारलं, “तुम्ही का नाही जात?” तर म्हणाल्या, “मला काय कळतंय त्यातलं? आणि आधी नाव लिव्हा, कार्ड दाखवा, ते बघून मी परत येतो.” वैनींचा हा संकोच पुष्कळजणींना वाटतो. आपण काही चोरी करायला आलो नाही, मग ओळखपत्र कशाला?

त्यामागे कायदा आहे, बरं का. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याखाली २०११ मध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेसाठी नियम केले. ओळख पटल्याशिवाय कुणाला संगणकावर बसू द्यायचं नाही. नाव, पत्ता, बसल्याची आणि उठल्याची वेळ वहीत लिहायची. कोणती संकेतस्थळं उघडली गेली त्याची नोंद निदान एक वर्ष ठेवायची. हे नियम कॅफेवाल्यांसाठी लिहिलेले असले तरी जिथं चार लोक एकच संगणक वापरतात तिथं साधारण हाच रिवाज असतो, आणि वाचनालयंही आपापल्या नियमावलीत तोच ठेवतात. उद्या कुणी त्या संगणकावरून एखाद्या मुलीला धमकीचं पत्र धाडलं, तर त्या वेळी तिथं कोण बसलं होतं हे कळायला नको का?

ओळखपत्र म्हणजे आधारच, असा एक समज पसरला आहे. तो खरा नाही. त्या नियमांत आधारच्या जोडीला मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन कार्ड, पासपोर्ट, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र असे पुष्कळ पर्याय दिलेले आहेत. आपण मतदार कार्ड पुढं करावं. आधारच द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी आधारची प्रत काढून मिळते, ती द्यावी. आणि झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहावं, ‘केवळ वाचनालयातील संगणक वापरासाठी’, खाली तारीख आणि सही. कोरी प्रत कुणाच्याही हाती ठेवू नये. दुसऱ्याच्या नावानं सिमकार्ड निघाल्याचे प्रकार अशाच सुट्या प्रतींवरून घडलेले आहेत.

आता त्या वहीविषयी. ती वही टेबलावर उघडी पडलेली असते, आपलं नाव लिहिताना वरच्या दहा जणांची नावं दिसतात, आणि पुष्कळ ठिकाणी नावापुढं मोबाइल नंबरही. म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्या दहा जणांना आपला नंबर दिसणार! एखाद्या टवाळ पोरानं तो उतरून घेतला तर रात्री-बेरात्री फोन कुणाला येणार? अशा फोनांमुळं घरात बोलणी खाल्लेल्या आणि मग वाचनालयच सोडून दिलेल्या मुली असतात. चूक तिची नसते, पण बाहेर जाणं बंद होतं तिचंच. २०११ च्या त्या नियमांतच म्हटलं आहे की ही नोंदवही सुरक्षित ठेवली पाहिजे. तेव्हा ग्रंथपालांना स्वच्छ सांगावं, “माझा नंबर मी वेगळ्या चिठ्ठीवर देते, ती तुमच्यापाशी ठेवा.” यात उर्मटपणा काही नाही. दोघी-तिघींनी मिळून सांगितलं तर वही टेबलावरून कपाटात जाईलही. नोंद मागायचा अधिकार तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांचा. शेजारपाजारच्यांचा नव्हे आणि घरच्यांचाही नव्हे.

पडद्याची दिशा हेही असंच एक दुखणं. आडोसा करायचाच तर साडेचार फुटांहून उंच करू नये आणि आडोसा नसलेल्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडं तोंड करून असावेत, असं नियम सांगतो. नको ते चित्र कुणी पाहत बसू नये, हा त्यातला हेतू, आणि बायकांच्या दृष्टीनं तो चांगलाच आहे. पण त्याचमुळं आपण काय वाचतो तेही मागून जाणाऱ्याला दिसतं. तेव्हा नाजूक विषयाचं वाचन गर्दीच्या वेळी करू नये. संध्याकाळी मुलं वर्तमानपत्राला येतात. दुपारी दोन-तीनच्या सुमारास बहुतेक वाचनालयं शांत असतात. तुमच्या वाचनालयाची दुपारची सुट्टी मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा.

‘खाजगी खिडकी’ म्हणून एक सोय संगणकात असते. ती उघडून काम केलं की खिडकी बंद करताच काय पाहिलं त्याची यादी त्या संगणकावर राहत नाही. पुढच्या माणसापासून आपलं वाचन झाकायला ती उत्तम. पण ती म्हणजे जादूची टोपी नव्हे. वाचनालयाच्या जोडणीवर ठेवलेली नोंद तिच्यामुळं पुसली जात नाही.

खरी हानी होते ती उठताना. रिक्षा थांबलेली असते, मुलांची शाळा सुटायची वेळ झालेली असते, आणि आपण वरच्या कोपऱ्यातली फुली दाबून निघतो. फुली दाबणं म्हणजे दार नुसतं लोटून घेणं; कुलूप त्यानं लागत नाही. ज्या ज्या खात्यात शिरलो त्यातून ‘लॉग आउट’ म्हणून बाहेर पडायलाच हवं. संगणक मध्येच विचारतो, पासवर्ड जतन करू का? त्याला दर वेळी ‘नाही’. मुलीची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, स्वतःचा फोटो हे आपण अर्जाला जोडण्यासाठी संगणकावर उतरवतो आणि ते तिथंच ‘डाउनलोड’मध्ये राहतं. ते पुसावं, मग कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं तोही रिकामा करावा. घरचा केर बाहेर टाकतो तसंच हे. पेनड्राइव्ह लावायचा तर आधी विचारून, आणि तो घरी आणल्यावर विषाणू तपासणी केल्याशिवाय उघडू नये.

बँकेचं काम मात्र सार्वजनिक संगणकावर करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कळफलकावर दाबलेलं प्रत्येक अक्षर टिपून ठेवणारी साधनं असतात, ती डोळ्यांना दिसतातच असं नाही. ओटीपी आहे ना, मग काय होतंय, असं म्हणू नका. तो ओटीपी येतो कुणाच्या फोनवर?

हा प्रश्न नुसता बँकेपुरता नाही. अर्जात ‘मोबाइल क्रमांक’ अशी चौकट आली की आपण सवयीनं यजमानांचा नंबर घालतो, आणि ‘ई-मेल’च्या जागी भाच्याचा किंवा मुलाचा. काम तेवढ्यापुरतं होतं. पुढं दोन वर्षांनी पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड त्या भाच्याकडं जातो, आणि तो असतो बेंगळुरूला. परीक्षेचं बोलावणं यजमानांच्या फोनवर येतं आणि ते सांगायचं विसरतात. संसार एकत्रच आहे, कबूल. तरी परीक्षा तुमची, दाखला तुमचा, तर नंबर आणि ई-मेलही तुमचाच असावा. नवं ई-मेल खातं फुकट निघतं. पहिल्या दिवशी वाचनालयात बसून तेवढं एकच काम केलं तरी पुरे. पासवर्ड मुलांच्या नावाचा किंवा लग्नाच्या तारखेचा ठेवू नका, तो सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक असतो.

एका माणसाला साधारण ठरलेला वेळ मिळतो, कुठं अर्धा तास, कुठं तास. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीच आहे. तो आपणही वाचवू या. बाजाराला जाताना यादी करतो तशी अर्जाची माहिती आधी कागदावर लिहून न्यावी: जन्मतारखा, बँकेचा आयएफएससी कोड, मार्कांचे आकडे. अर्ज भरताना जिथं ‘जतन करा’ दिसेल तिथं ते दाबत जावं, म्हणजे वीज गेली तरी सगळं पुन्हा लिहायला नको. चष्मा न्यायला विसरू नका! लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या हाती माउस देऊ नये. आणि शेजारच्या पोरानं “काकू, द्या मी भरून देतो” म्हटलं, तर कसं करायचं ते दाखवून घ्यावं, पासवर्ड मात्र स्वतःच्या बोटांनी घालावा.

काम संपून पाच मिनिटं उरली तर मराठी विश्वकोश उघडून पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी सुरू केलेले हे जाडजूड खंड आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, आणि मुलांच्या प्रकल्पाला त्याइतकी भरवशाची मराठी माहिती दुसरीकडं क्वचित मिळते.

समजा, घरी आल्यावर आठवलं की खातं उघडंच राहिलं. घाबरून जाऊ नका. वाचनालयात फोन करून ग्रंथपालांना तो संगणक बंद करायला सांगा. मग आपल्या मोबाइलवरून त्याच खात्याच्या ‘सुरक्षा’ या भागात जा. कोणकोणत्या यंत्रांवर खातं उघडं आहे त्याची यादी तिथं दिसते, त्यातून अनोळखी यंत्र काढून टाका आणि पासवर्ड बदला. पैसे गेल्याचा संदेश आला तर मात्र घरात कोण काय म्हणेल याचा विचार करत संध्याकाळपर्यंत थांबू नये. लगेच १९३० हा नंबर लावावा. सायबर फसवणुकीसाठी तो देशभर चालतो, आणि तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. बँकेलाही त्याच वेळी कळवावं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.